पाणी वर्णक्रमाने येत नाही

“…पण नियम पाळला म्हणून दोष कसा येतो, मॅडम? मोडला असता तर आला असता ना?”

टिपणीस मॅडमनी मान वर केली नाही. त्या एका पुस्तकाच्या पुठ्ठ्याला चिठ्ठी चिकटवत होत्या.

पराग उकिडवे समोरच्या लाकडी खुर्चीत बसला होता. मांडीवर जाड फाइल. हा प्रश्न त्यानं तिसऱ्यांदा विचारला होता, दर वेळी थोडा फिरवून.

जागा म्हणजे तालुक्याच्या गावातलं वाचनालय. निवृत्त झाल्यावर मॅडम त्या गावी राहायला गेल्या आणि रोज दुपारी वाचनालयात बसून जुन्या पुस्तकांच्या नोंदी करू लागल्या. त्याआधी बत्तीस वर्षं त्यांनी सॉफ्टवेअरची देखभाल केली होती. नवं सॉफ्टवेअर बनवायला सगळेच धावतात. बनवलेलं बिघडलं की लोकांच्या तक्रारी ऐकून घेणारं माणूस शोधावं लागतं. मॅडम तसं माणूस होत्या.

मीही त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. पराग माझ्यानंतर आला आणि माझ्या बराच पुढे गेला. इथं लिहिलेलं सगळं मला त्यानंच सांगितलं. सांगताना स्वतःला कुठे वाचवलं नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

पराग हुशार होता, आणि ते त्याला ठाऊक होतं. मॅडमकडून शिकलेली एक साधी पद्धत घेऊन त्यानं तिची मोठी यंत्रणा उभी केली होती. त्याच्या कंपनीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरबद्दल कुणाला काही सांगायचं असेल, तर त्यानं वेबसाइटवर जाऊन नोंद करायची. नोंदीला नंबर मिळायचा. त्यांच्या धंद्यात तिला तिकीट म्हणतात. तिकीट बिघाडाचं आहे की बदलाच्या मागणीचं, हे आधी ठरायचं. बिघाड असेल तर दुरुस्ती. बदल हवा असेल तर टिपण, मंजुरी, समिती, आणि मगच हात लावायचा. कुणी काय मागितलं, कुणी कधी काय केलं, सगळं तारीखवार नोंदलेलं. कुणालाही मधेच घुसून काही बदलता येत नसे.

पद्धत चांगली होती. मी स्वतः ती वापरली आहे. परागला तिच्यावर बोलायला लांबलांबून बोलावणी यायची.

त्याच्या कंपनीनं एका धरणासाठी सूचना पाठवायचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. धरणाचं पाणी सोडलं की नदीकाठच्या सतरा गावांना मोबाइलवर संदेश जायचा. एका गावाकडून पोहोच आली की पुढच्या गावाला. पोहोच आली नाही, तर तीन मिनिटं वाट बघून पुढे.

एप्रिलच्या एका सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी पाणी सोडलं. धरणाखालचं पहिलं गाव शिरसवाडी. तिथल्या तारू मंडळींच्या नदीपात्रात कलिंगडाच्या वाड्या होत्या. पावसाळा सरला की पात्र कोरडं पडतं, तेव्हा ते वाळूत वेल लावतात आणि तिथंच खोपटं घालून राहतात.

पाणी शिरसवाडीला सव्वाअकराला पोहोचलं.

संदेश अकरा बावीसला.

लक्ष्मण तारू नावाचा छप्पन वर्षांचा माणूस पाण्याचा आवाज ऐकून ओरडत सुटला. त्याच्या ओरडण्यानं अकरा माणसं काठावर चढली. त्याची बायको अंजनाही चढली. तो स्वतः चढला होता. मग खुंटाला बांधलेल्या शेळ्या सोडायला खाली उतरला…

पुढे चौकशी झाली. दोन महिने चालली. परागच्या कंपनीकडून सगळ्या नोंदी मागवल्या गेल्या. परागनं त्या एका दिवसात दिल्या, एकही कागद कमी नाही. चौकशी करणाऱ्यांनी लिहिलं की सॉफ्टवेअर मंजूर आराखड्याप्रमाणेच चाललं, आणि कंपनीनं नोंदींची ठरलेली पद्धत पूर्णपणे पाळली.

तो अहवाल फाइलमध्ये सगळ्यात वर होता.

“तुम्ही वाचा तरी,” पराग म्हणाला.

मॅडमनी पुस्तक बाजूला ठेवलं. फाइल घेतली नाही.

“तुझी सुटका झालीय. मग इथं का आलास?”

परागनं फाइल मांडीवर परत ओढली.

त्यानं मला नंतर सांगितलं की त्याला तेव्हा खरं कारण ठाऊक होतं, फक्त ते तोंडातून निघत नव्हतं. त्या अपघाताच्या सात महिने आधी त्याच्या वेबसाइटवर एक तिकीट आलं होतं. संदेशांच्या क्रमाबद्दल. ते तिकीट बंद झालं होतं. चौकशीत त्याचा उल्लेख एका ओळीत आला: अर्जदाराकडून प्रतिसाद न आल्याने नियमानुसार बंद.

नियम असा होता. तिकीट करणाऱ्याकडे काही माहिती मागितली आणि चौदा दिवसांत उत्तर आलं नाही, तर तिकीट आपोआप बंद होतं. त्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही.

“चौदा दिवसांचा नियम माझा नाही,” शेवटी पराग म्हणाला. “तुमचा आहे. तुम्हीच शिकवलात.”

हे बोलायला तो तीन तास गाडी चालवत आला होता.

मॅडमचे हात थांबले. त्यांच्या बोटांना खळ लागली होती. त्या ती पुसत बसल्या, बराच वेळ…

“हो,” त्या म्हणाल्या. “माझाच.”

परागला वाटलं होतं की त्या समर्थन करतील, नाहीतर रागावतील. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तरी त्याला चाललं असतं.

मॅडमनी मग नियम कसा जन्मला ते सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांच्याकडे नऊशे तक्रारी उघड्या होत्या. दर सोमवारी त्यांना ती यादी घेऊन वरिष्ठांसमोर उभं राहावं लागे, आणि दर सोमवारी तेच ऐकावं लागे की यादी वाढतेच कशी. एका रविवारी त्यांनी हा नियम लिहिला. सोमवारी यादी दोनशे चाळीसवर आली. त्या दिवशी त्यांचं कौतुक झालं.

“दुरुस्त किती झाल्या होत्या?” परागनं विचारलं.

“त्या आठवड्यात? चार.”

“तुम्ही हे कधी बोलला नाहीत.”

“तुम्हा मुलांना नियम शिकवला. लाज शिकवायची राहिली.”

वाचनालयात एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून एकदा इकडे पाहिलं आणि पान उलटलं.

मॅडमनी विचारलं, संदेशांचा क्रम आता बदललाय का. पराग म्हणाला की अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी बदलला. गावांची यादी वर्णक्रमानं लावलेली होती, ती धरणापासूनच्या अंतराप्रमाणे लावली.

“वेळ किती लागला?”

त्यानं खाली पाहिलं.

“वीस मिनिटं.”

मॅडमनी हात पुढे केला. “ते तिकीट दे.”

परागनं फाइलमधून चार पानं काढून दिली. मॅडमनी ती घेतली, आणि न वाचताच परत केली.

“मोठ्यानं वाच. नंबर सोडून.”

“नंबर सोडला तर वर काहीच नाही. अर्जदार क्रमांक तीनशे अकरा, एवढंच आहे.”

“त्याला नाव असेल.”

पराग म्हणतो, त्या क्षणापर्यंत त्या तिकिटाला माणूस आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. सात महिने त्याच्या वेबसाइटवर, आणि मग दोन महिने त्याच्या फाइलमध्ये तो माणूस तीनशे अकरा होता. त्यानं ऑफिसात फोन लावला. नाव शोधायला पलीकडच्या मुलीला पाच मिनिटं लागली.

दत्तू घोगरे. धरणाच्या दरवाजांवरचा ऑपरेटर.

“वाच,” मॅडम म्हणाल्या. “दत्तू घोगरे काय म्हणतो ते.”

परागनं वाचलं.

“मेसेज वर्णक्रमानं जातात. पाणी वर्णक्रमानं येत नाही. शिरसवाडी पाण्याला पहिली आहे, यादीत सोळावी आहे. तिथं नदीत माणसं राहतात. कृपया क्रम बदलावा ही विनंती.”

तो थांबला.

“पुढे.”

पुढे कंपनीचं उत्तर होतं. हा बिघाड नाही, आराखड्याप्रमाणेच आहे, तरी बदलाची मागणी म्हणून नव्यानं नोंदवावं.

दत्तूनं नव्यानं नोंदवलं होतं. मजकूर तोच, फक्त शेवटी एक वाक्य जास्त. पाण्याला पस्तीस मिनिटे लागतात, मेसेजला चाळीसच्या वर लागतात, मी घड्याळ लावून दोनदा बघितले.

त्यावर कंपनीचं उत्तर: बदलाच्या परिणामांचं टिपण जोडावं.

दत्तूनं टिपण लिहिलं होतं. एका ओळीचं. परिणाम असा होईल की माणसं वेळेवर वर येतील.

त्यावर तिसरं उत्तर. आपलं टिपण विहित नमुन्यात नाही. विहित नमुना, स्क्रीनशॉट आणि कार्यकारी अभियंत्यांची मंजुरी जोडावी.

त्यानंतर काही नाही. चौदा दिवस. बंद.

परागचा आवाज शेवटी शेवटी इतका उतरला की वर्तमानपत्रवाले गृहस्थ अवघडून उठले आणि दुसऱ्या खोलीत गेले.

“तिसरं उत्तर कुणी लिहिलं?” मॅडमनी विचारलं.

त्याला सांगायचं नव्हतं. पण पानावर खाली नाव होतं.

“मी. पण लिहिलं असं नाही, मॅडम. तयार वाक्यं असतात. यादीतून निवडायचं. त्या दिवशी मी साठ-सत्तर तिकिटं पाहिली असतील. मला हे आठवतसुद्धा नाही.”

मॅडमनी मान हलवली.

“खरंच आठवत नाही.”

“मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “मलाही त्या सोमवारच्या साडेसहाशेमधलं एकही आठवत नाही.”

त्यांनी खळीची वाटी झाकली, पुस्तकं कपाटात लावली, आणि म्हणाल्या की उद्या सकाळी आपण धरणावर जाऊ. परागनं विचारलं, कशाला. चौकशी संपली होती. घोगऱ्याला भेटायचं काही कारण उरलं नव्हतं. कंपनीच्या वकिलांनी तर कुणाशीच बोलायचं नाही असं बजावलं होतं.

मॅडमनी त्याला कारणं सांगितली नाहीत. एवढंच म्हणाल्या की त्या स्वतः जाणार आहेत, आणि एसटीनं दीड तास लागतो.

सकाळी पराग गाडी घेऊन त्यांच्या दारात उभा होता.

रस्त्यात त्यांनी एकदा विचारलं, तिसऱ्या उत्तरानंतर तो का बोलला नसेल, तुला काय वाटतं. पराग म्हणाला, कंटाळला असेल. लोक कंटाळतात. नियम त्यावरच उभा आहे. ज्याला खरंच गरज असते तो उत्तर देतो, ज्याला नसते तो सोडून देतो.

“हेही मीच शिकवलं होतं,” मॅडम म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर पाहू लागल्या.

धरणाच्या भिंतीवर टोकाला दरवाजे चालवायची खोली होती. दत्तू घोगरे दाराशी स्टुलावर बसून वायर सोलत होता. पन्नाशीचा, काटक, खाकी शर्ट. त्याला वाटलं चौकशीचे लोक पुन्हा आले. तो उठून उभा राहिला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, “मी सांगितलंय सायेब. लिवून पण दिलंय. चूक माझी हाय.”

परागनं मॅडमकडे पाहिलं. त्या काठाच्या कठड्यापाशी थांबल्या होत्या. पुढे आल्या नाहीत.

“कसली चूक?” परागनं विचारलं.

दत्तूनं सांगितलं. त्याचं सांगणं मोठं होतं, अडखळत, मागेपुढे होत. थोडक्यात असं, की तिसरं उत्तर आल्यावर तो कार्यकारी अभियंत्यांच्या ऑफिसात गेला होता. दोनदा गेला. साहेब फिरतीवर होते. तिसऱ्यांदा भेटले, तेव्हा ठेव म्हणाले. कागद तिथं राहिला. मग त्यानं विचार केला की या वाटेनं जायला वेळ लागेल, आणि पाणी तर दर दहा दिवसांनी सोडायचं असतं. लक्ष्मण तारू त्याच्या ओळखीचा होता. नंबर होता.

तेव्हापासून दरवाजाचं बटण दाबायच्या आधी तो लक्ष्मणला फोन करायचा. स्वतःच्या मोबाइलवरून. लक्ष्मण पात्रातून हाकारत फिरायचा, आणि सगळे वर यायचे. आवर्तन आलं की फोन, आवर्तन आलं की फोन. एकदाही चुकला नाही.

“सात महिने,” दत्तू म्हणाला. “कुणाला कायबी झालं न्हाई.”

आणि एप्रिलच्या त्या दिवशी दत्तू रजेवर होता. त्याच्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. त्याच्या जागी दुसऱ्या पाळीचा माणूस आला. त्याला दरवाजे ठाऊक होते, बटणं ठाऊक होती. फोनचं ठाऊक नव्हतं. ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

“त्याला सांगायचं राहिलं, सायेब. आदल्या दिवशी सांगायचं डोक्यात होतं. पाव्हण्यांच्या गडबडीत राहिलं.”

तो हे न रडता बोलत होता. पराग म्हणतो की तेच जास्त जड गेलं. तो माणूस हे पुष्कळदा बोलून झाला होता, स्वतःशी, पोलिसांशी, तारूंच्या अंगणात. बोलून बोलून ते गुळगुळीत झालं होतं.

मुलीचं जमलेलं लग्न त्यानं पुढे ढकललं होतं. अंजना तारूकडे तो दर आठवड्याला जायचा. ती त्याला काही बोलायची नाही, चहा द्यायची. तो चहा उतरत नाही, एवढंच तो म्हणाला.

परागनं त्याला सांगायला सुरुवात केली. आपण कोण, कुठल्या कंपनीचे. ती वेबसाइट आपली. तुमची तिकिटं आपल्याकडे आली होती. तिसरं उत्तर आपणच पाठवलं, न वाचता. चौदा दिवसांनी ते आपोआप बंद झालं. नंतर क्रम बदलायला फक्त वीस मिनिटं लागली.

दत्तू ऐकत होता. त्याच्या हातात वायर तशीच होती, अर्धी सोललेली.

परागला वाटलं तो चिडेल. एक शिवी, एखादी थप्पड… त्याची तयारी होती. कदाचित तो त्यासाठीच बोलत होता.

दत्तू चिडला नाही. त्याचं लक्ष एकाच गोष्टीवर अडकलं होतं. त्यानं हळू विचारलं, “सायेब, एक सांगा. मी तिसऱ्यांदा उत्तर दिलं असतं, तर ते काम झालं असतं का?”

पराग उत्तर द्यायला गेला आणि थांबला.

हो म्हणणं सोपं होतं. नियमाची बाजू तीच होती. उत्तर आलं असतं तर तिकीट उघडं राहिलं असतं. चौकशीच्या अहवालातसुद्धा तसंच सुचवलेलं होतं: अर्जदाराने पाठपुरावा केला असता तर. कंपनी त्या एका वाक्यावर सुटली होती.

दत्तू वाट बघत होता. तो हो ऐकायला तयार होऊन उभा होता. पराग म्हणतो की त्याच्या खांद्यांवरून ते कळत होतं. एक ओझं आधीचं होतं आणि हे दुसरं घ्यायला त्यानं खांदे पुढे केले होते.

परागनं पुन्हा मॅडमकडे पाहिलं. त्या पाण्याकडे बघत होत्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती.

भिंतीच्या एका बाजूला भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली वळत गेलेलं कोरडं पात्र. लांबवर हिरवा ठिपका दिसत होता. कुणीतरी उरलेले वेल जगवले होते.

“नाही,” पराग म्हणाला.

दत्तूला ऐकू आलं नसावं. तो तसाच पाहत राहिला.

“नाही, दत्तूभाऊ. काम झालं नसतं. तुम्ही साहेबांची सही आणली असती, तर मी म्हटलं असतं की ऑपरेटरला बदल मागायचा अधिकारच नाही, साहेबांनी स्वतः नोंदवावं. चौथ्यांदा परत पाठवलं असतं. मग पाचव्यांदा. ते माझ्या टेबलावरून पुढे गेलंच नसतं. तुम्ही काहीही लिहिलं असतं तरी.”

“काहीही?”

“काहीही. तुम्ही फोन करायला लागलात ते बरोबर केलंत. सात महिने शिरसवाडीत कुणी बुडालं नाही ते तुमच्यामुळं. माझ्यामुळं नाही. माझ्याकडे फक्त नोंद होती.”

दत्तू खाली बसला. स्टुलावर नाही, जमिनीवर, दाराच्या चौकटीला टेकून. वायर बाजूला पडली. त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड झाकलं. आवाज आला नाही, पण पाठ हलत होती.

मॅडम तेव्हा आल्या. गुडघे दुखत असूनही त्याच्या शेजारी खाली बसल्या. त्या काय बोलल्या ते परागला नीट ऐकू आलं नाही. नियम, माझा, लिहिला, एवढे शब्द कळले. दत्तूनं मान हलवली, कळल्यासारखी की नाही कळल्यासारखी, सांगता येत नाही. मग त्यानं उठून आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.

परागनं त्याला एक कागद लिहून दिला. जे बोलला तेच, सहीनिशी, तारीख घालून. वकिलांना हे आवडणार नाही, नोकरीही जाईल, हे त्याला कळत होतं. ते पुढे खरं ठरलं. त्या वर्षाअखेर त्यानं कंपनी सोडली. सोडायला लावली असंही म्हणता येईल. जाण्यापूर्वी त्यानं चौदा दिवसांचा नियम काढून टाकायचा प्रस्ताव समितीपुढे ठेवला. समितीनं त्याच्याकडे परिणामांचं टिपण मागितलं.

पण तो कागद देताना त्यानं एवढंच म्हटलं की हा अंजनाबाईंना दाखवा. चौकशीवाल्यांना दाखवायचा तर तोही तुमचा प्रश्न.

दत्तूनं कागद वाचला. सावकाश, ओठ हलवत. मग शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला.

“पाणी सोडायचंय उद्या,” तो म्हणाला. “मेसेज आता पयला शिरसवाडीलाच जातोय. मी बघितलं.” थोडं थांबून पुढे म्हणाला, “फोन मी तरी बी करतो. आता अंजनावैनींना.”

निघताना तो भिंतीच्या टोकापर्यंत सोडायला आला. चालताना त्यानं मॅडमना विचारलं, तुम्हाला मुलीच्या लग्नाला यायला जमेल का. तारीख अजून धरलेली नाही, पण धरू म्हणतोय. मॅडम हो म्हणाल्या. परागला त्यानं विचारलं नाही.

ते परतीच्या वाटेला लागले. ऊन चढलं होतं. एका वळणावर परागनं गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवरच ठेवून तो समोर बघत राहिला.

लक्ष्मण तारूचा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. आता पाहायची सोय नव्हती. इतके दिवस तो चेहरा नसल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. आता डोळ्यांसमोर दुसरं काही येत नव्हतं. खाली उतरणारी एक पाठ, आणि शेळ्या.

मॅडमनी घाई केली नाही. पदरानं चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला.

“सगळं सांगून टाकलं,” पराग शेवटी म्हणाला. “काही लपवलं नाही. लेखी पण दिलं. तरी हलकं वाटत नाहीये, मॅडम…”

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“दत्तूला वाटलं.”